वाचक विचारतात : त्यांचं रिकामपण, आपलं औषध?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी एक कलीग आहे, जर्मन, टीममधली सगळ्यात हुशार. चर्च तिने शाळेत असतानाच सोडलं, देवबिव मानत नाही. मागच्या महिन्यात मीटिंग संपली तरी आमचा दोघींचा व्हिडिओ कॉल चालूच राहिला आणि ती एकदम म्हणाली की पगार आहे, घर आहे, तब्येत ठीक आहे, पण सकाळी उठल्यावर आत काहीच नसतं. मग म्हणाली, तुमच्याकडे तर याचं उत्तर आहे ना, मी कुठून सुरू करू? मला काही सुचेना, मी ध्यानाचं एक अॅप सांगून मोकळी झाले आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली, कारण मी स्वतः कधी ध्यान केलेलं नाही आणि रिकामं तर मलाही वाटतं. पूर्वेच्या परंपरांकडे पश्चिमेच्या या रिकामपणाचं खरंच उत्तर आहे का, की आपण नुसतं तसं म्हणत आलोय?

उत्तर : लाज वाटली हे चांगलं लक्षण आहे. या विषयावर मला येणारी बहुतेक पत्रं "बघा, शेवटी त्यांना आपल्याच दारात यावं लागलं" या सुरातली असतात, तुमच्या पत्रात मात्र "रिकामं तर मलाही वाटतं" एवढं अर्धं वाक्य आहे आणि माझा जीव त्यातच अडकलाय. त्याकडे नंतर येते.

आधी व्यवहाराचं. रोज सकाळी आत काहीच नसणं, कशातच रस न वाटणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ते डिप्रेशनही असू शकतं, आणि त्याला पहिल्यांदा डॉक्टर लागतो, उपनिषद नाही. तिला झोप, भूक, कामात लक्ष, एवढं तरी नक्की विचारा. तसं काही नसेल तर पुढचं.

हे रिकामपण तिकडे कालपरवाचं नाहीये. १८८२ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने देव मेला असं लिहिलं आणि लोक ते वाक्य विजयाच्या आरोळीसारखं वापरतात, पण त्याने ते एका वेड्याच्या तोंडी घातलंय, तो दिवसाढवळ्या कंदील घेऊन बाजारात येतो आणि विचारत सुटतो की आता आपण कुठे चाललोय, वर काय खाली काय ते तरी उरलंय का. बाजारातले लोक त्याला हसतात. ते हसणारे सगळे आधीच नास्तिक होते हे विशेष, त्यांना वाटत होतं की देव गेला आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. पुढे १८९७ मध्ये फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमने युरोपातले आत्महत्यांचे आकडे तपासले, प्रोटेस्टंट समाजात प्रमाण जास्त, कॅथलिक समाजात कमी. आता आत्महत्या पाप आहे हे दोघंही तितक्याच कडकपणे सांगतात, म्हणजे शिकवणीत फरक नाही. त्याने काढलेला अर्थ असा की कॅथलिक माणूस आपल्या मंडळींशी जास्त घट्ट बांधलेला असतो आणि तो बांध त्याला धरून ठेवतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण म्हणजे माणसाला सावरणारी गोष्ट नुसती श्रद्धेत नसते, ती कोणाबरोबर आहोत यात पण असते. आजचं बघायचं तर अमेरिकेत प्यू रिसर्चच्या पाहणीत "माझा कुठलाच धर्म नाही" म्हणणारे २००७ मध्ये १६ टक्के होते, २०२३ मध्ये २८ टक्के झाले, आणि त्यातले बहुतेक नास्तिक नाहीत बरं का, देव किंवा कुठली तरी शक्ती आहे असं मानणारेच आहेत. विश्वास आहे, पण तो घेऊन कुठे जाऊन बसायचं ते ठिकाण गेलं.

आता पूर्वेकडून त्यांना काय मिळालं ते बघा. १८९३ च्या शिकागोच्या धर्मपरिषदेतले विवेकानंद सगळ्यांना पाठ आहेत, १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला आले तेही. मला मात्र नेहमी तिसरीच गोष्ट आठवते. १९५९ मध्ये शुन्र्यू सुझुकी नावाचे एक जपानी झेन पुजारी सॅन फ्रान्सिस्कोला आले. पाठवलं होतं तिथल्या जपानी वस्तीतल्या छोट्या देवळासाठी, देवळाची इमारत पूर्वी ज्यूंचं प्रार्थनागृह होती. येणारी मंडळी अमेरिकेतली जपानी माणसं, त्यातल्या अनेकांनी महायुद्धात अमेरिकी सरकारच्या छावण्यांमध्ये वर्षं काढलेली. त्यांना पुजारी हवा होता तो श्राद्धाला, अंत्यविधीला, सणावाराला. आणि हळूहळू पहाटे दुसरेच लोक यायला लागले, गोरी तरुण मुलं, त्यांना विधीबिधी काही नको, त्यांना भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचं होतं. जपानी मंडळींपैकी फारसं कोणी त्या बसण्याला येत नसे, जपानमध्येही सामान्य माणूस झाझेन वगैरे करत नाही, ते भिक्षूंचं काम. एकाच छपराखाली दोन घोळके, एकाकडे धर्म होता पण ध्यान नव्हतं, दुसऱ्याकडे ध्यान होतं पण धर्म नव्हता. शेवटी दहा वर्षांनी ध्यानवाले वेगळ्या इमारतीत गेले. मी स्वतःला नेहमी विचारते की या दोघांपैकी रिकामं कमी कोणाला वाटत असेल? ज्यांना जगाने जास्त छळलं त्यांच्याकडे एकमेकांच्या मयताला जाणारी माणसं होती. पहाटे बसणाऱ्या मुलांकडे काय होतं, एक उशी आणि एक म्हातारा गुरू. आता या मुलांनी पुढे आपला संघ उभा केला, डोंगरात मठ काढला, घंटा वाजली की उठायचं, भांडी घासायची, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याच शेजारी बसायचं, आणि जे टिकले ते त्यामुळे टिकले असं मला वाटतं, नुसत्या उशीने नाही.

तुम्ही सांगितलेल्या अॅपचा घोळ इथे आहे. पूर्वेकडून पश्चिमेत जाताना बोटीवर चढलं ते मुख्यतः तंत्र. घर, नवस, व्रत, गुरूचा ओरडा, नावडत्या माणसाला वाढणं, हे सगळं किनाऱ्यावरच राहिलं. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा कोर्स काढला, तो जुनाट दुखण्याच्या, ताणाच्या पेशंटसाठी होता आणि बौद्ध शब्द मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्याचा उपयोग होतो, मी त्याची टिंगल करणार नाही, ज्याची पाठ वर्षानुवर्षं दुखतेय त्याला दुखण्याकडे बघायची वेगळी रीत मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण तो दुखण्यावरचा उपाय आहे, "मी कशासाठी जगू" यावरचा नाही, आणि बाटली तीच ठेवून लेबल बदललं की माणूस फसतो. पतंजलीच्या आठ अंगांत ध्यान सातवं आहे, सातवं! त्याआधी खोटं बोलू नको, दुसऱ्याचं घेऊ नको, साठवू नको यानेच सुरुवात आहे. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात तर पोटापाण्याचा धंदा कसा असावा हेसुद्धा येतं. आता कंपनीच्या वेलनेस प्रोग्रॅममध्ये तुमची उपजीविका सम्यक आहे का असा प्रश्न कोणी विचारेल का, एचआर बेशुद्ध पडेल.

आणखी एक गोष्ट सांगते, ती कळल्यापासून मी या विषयावर जरा जपून बोलते. १९९० मध्ये धरमशालेला दलाई लामांसोबत पाश्चात्त्य वैज्ञानिक आणि ध्यानशिक्षकांची बैठक होती. शॅरन साल्झबर्ग या अमेरिकन शिक्षिकेने विचारलं की स्वतःचा द्वेष करण्याबद्दल तुमचं मत काय. दलाई लामांना प्रश्नच कळेना. दुभाष्याशी पुन्हा पुन्हा बोलले, हे म्हणजे नक्की काय, हा काही आजार आहे का, आणि मग त्यांनी खोलीतल्या एकेकाला विचारलं की तुम्हालाही असं होतं का, तर बहुतेक सगळे हो म्हणाले. मैत्रीभावनेच्या ध्यानात, म्हणजे मनातल्या मनात सगळ्यांचं भलं इच्छिण्याच्या ध्यानात, परंपरेने सुरुवात स्वतःपासून करतात कारण ते सगळ्यात सोपं असं धरलेलं आहे, आणि हे लोक नेमके तिथेच अडकत होते. म्हणजे बघा, आपण म्हणतो आमच्याकडे उत्तर तयार आहे, पण त्यांचा प्रश्न आपल्या यादीत होता का? दुःख का होतं आणि ते कसं थांबेल हा बुद्धाचा प्रश्न, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका कशी हा उपनिषदांचा, आणि तुमची मैत्रीण विचारतेय की मी मुळात कोणाच्या काय कामाची आहे. चावी चांगली आहे, कुलूप वेगळं आहे.

मग काय, काही नाहीच का? आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग १९३७ च्या शेवटी भारतात येऊन गेला, त्याआधीच त्याने लिहिलं होतं की पश्चिमेने आपला योग आपल्या ख्रिस्ती पायावरच घडवावा, दुसऱ्याचा अंगरखा घालू नये. मला हे थोडं जास्तच कडक वाटतं, माणसं घरं बदलतात आणि नव्या घरात रुजतातही. पण त्यात तथ्य आहे ते टॉमस मर्टनच्या बाबतीत दिसतं. केंटकीच्या ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाच्या मठातला हा संन्यासी, झेन आणि ताओ वाचून वाचून झपाटलेला, १९६८ मध्ये धरमशालेला दलाई लामांना तीनदा भेटला आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला बँकॉकजवळ अपघातात गेला. झेनच्या इतकं जवळ जाऊनही त्याने आपला झगा उतरवला नाही, उलट पूर्वेकडे बघितल्यावर त्याला स्वतःच्या घरातली बंद खोली दिसली. पुढे १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट मठात असंच झालं, तरुण मुलं ध्यान शिकायला पूर्वेच्या गुरूंकडे जाताना दिसली तेव्हा तिथल्या साधूंनी चौदाव्या शतकातला आपलाच एक इंग्लिश साधनाग्रंथ धुंडाळून त्यातून मौन प्रार्थनेची सोपी पद्धत काढली. त्यांच्याकडे होतंच की, फक्त कुठे ठेवलंय ते विसरले होते. दलाई लामा स्वतः पाश्चात्त्य लोकांना वारंवार सांगतात की शक्यतो आपल्याच धर्मात राहा.

म्हणून मैत्रिणीला अॅपचं नाव सांगण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. तू दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कोणाकोणाबरोबर बसू शकतेस, आणि कंटाळा आला तरी पाळशील असा एखादा नियम आहे का. याचं उत्तर तिच्या गावातलं झेन केंद्र असेल, लहानपणीचं चर्च असेल, कदाचित गाण्याचा कॉयर असेल. ते तिने शोधायचं.

प्रश्न : बुद्ध धर्मात शून्यता हेच अंतिम सत्य मानतात ना? मग पाश्चात्त्य माणूस जे रिकामपण भोगतोय ते आणि ही शून्यता एकच झाली की. म्हणजे तो नकळत पोहोचलाच म्हणायचा?

उत्तर : नाही हो, शब्दाने घात केलाय. आणि हा घोळ घालणारे तुम्ही पहिले नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कितीतरी विद्वानांना बौद्ध धर्माची चक्क भीती वाटायची, हा तर काहीच नसण्याची पूजा करणारा धर्म असं ते लिहायचे. शंभर वर्षांत तोच धर्म रिकामपणावरचं औषध म्हणून विकला जायला लागला, गंमतच आहे.

नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाची शून्यता म्हणजे काहीच नाही असं नाही, तर कुठलीच वस्तू आपल्या एकटीच्या बळावर उभी नाही, सगळं एकमेकांवर टेकून आहे. स्वतंत्र असा गाभा नाही, म्हणून शून्य. आणि तिकडचा माणूस जे भोगतोय ते याच्या अगदी उलटं, तो सगळ्यांपासून सुटून एकटाच उभा आहे आणि आत गाभा शोधतोय. नागार्जुन त्याला म्हणाला असता, अरे तो सापडणारच नाही, बाहेर बघ कोणाकोणामुळे तू आहेस.

तसंही हे ज्ञान सरळ रस्त्याने कधी गेलंच नाही. दारा शिकोहने १६५७ मध्ये बनारसच्या पंडितांना हाताशी धरून उपनिषदं फारसीत आणली, दोन वर्षांत त्याच्या भावाने त्याला मारलं, ती फारसी पुढे एका फ्रेंच माणसाच्या हाती लागली आणि त्याने १८०१-०२ मध्ये लॅटिन केलं, तेही फारसीच्या अंगावर लॅटिन कपडे चढवल्यासारखं, आणि ते वाचून जर्मनीत तत्त्वज्ञ शोपेनहॉवर म्हणाला की जगताना यानेच दिलासा दिला, मरतानाही देईल. त्याने कुत्रा पाळला होता त्याचं नाव आत्मा. माणूस मात्र शेवटपर्यंत एकटा आणि चिडका. वाचून दिलासा मिळतो, सोबत मिळत नाही.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, मला तू म्हटलं तरी चालेल. दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन आलो. सहाव्या दिवसापासून भीती वाटायला लागली आणि आता महिना झाला तरी सगळं खोटं, दूर गेल्यासारखं वाटतंय. सगळे म्हणतात ध्यानाने शांत वाटतं. माझंच काही चुकलं का?

उत्तर : तुझं काहीही चुकलेलं नाही, आणि आधी एक कर, ध्यान सध्या बंद ठेव. महिनाभर असं वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञाला दाखव, शिबिराबद्दल त्यांना मोकळेपणी सांग, लपवू नको. जिथे गेला होतास तिथल्या शिक्षकांनाही कळव.

हे फक्त तुलाच झालंय असं समजू नको. अठराव्या शतकात जपानमधल्या हाकुइन या मोठ्या झेन गुरूला तरुणपणी अतिध्यानाने असा त्रास झाला की पाय बर्फासारखे गार, डोकं तापलेलं, भास, भीती, आणि अशा त्रासाला लोक झेनचा आजारच म्हणायचे. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात संत जॉनने अशाच काळाला आत्म्याची अंधारी रात्र म्हटलं. जुन्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून ते शिष्याला वर्षानुवर्षं जवळ ठेवायचे, खायला काय घालायचं, कधी थांबवायचं हे बघायचे. आता दहा दिवसांनी गेट उघडतं आणि तू थेट ट्रॅफिकमध्ये. शिबिरं वाईट नाहीत, अनेकांना त्यांनी उभं केलंय, पण "ध्यान सगळ्यांना, कधीही, कितीही" हा समज चुकीचा आहे. झोप, जेवण, चालणं, मित्रांमध्ये वेळ घालवणं, आणि हो, महिनाभर तरी स्वतःच्या मनाकडे टक लावून बघू नको.

प्रश्न : तुम्ही लोक कायम आपल्याच परंपरेला कमी लेखता. सारं जग योग करतंय, ध्यान करतंय, त्याचा अभिमान बाळगायला काय हरकत आहे?

उत्तर : अभिमान बाळगा की, मी कुठे हात धरला. पण मग सगळंच आपलं म्हणा, नुसतं गोड गोड नको. जपानच्या झेन संस्थांनी महायुद्धात सैन्याला आशीर्वाद दिले होते, सोतो पंथाने १९९२ मध्ये त्याची जाहीर माफी मागितली. ओरेगॉनमधल्या रजनीशांच्या वसाहतीतल्या काही प्रमुखांनी १९८४ मध्ये निवडणूक जिंकायला शेजारच्या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले, ७५१ माणसं आजारी पडली, आणि त्या वसाहतीत राहायला आलेले बहुतेक लोक हेच रिकामपण घेऊन आलेले शिकलेसवरलेले पाश्चात्त्य होते. रिकामा माणूस कशालाही हो म्हणतो हे विकणाऱ्यांना बरोबर कळतं.

आणि पूर्व भरलेली आहे हे कोणी सांगितलं? ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला तेव्हा आपल्याकडे लोक हसले. २०२१ मध्ये जपाननेही नेमला. हजार वर्षांच्या देवळांच्या सावलीत लोक एकटे मरतायत आणि कित्येक दिवस कोणाला कळत नाही, त्यासाठी जपानी भाषेत वेगळा शब्दच तयार झालाय. पहिल्या पत्रातलं "रिकामं तर मलाही वाटतं" ते हेच. परंपरा पूर्वेची असली म्हणून ती पूर्वेच्या माणसाच्या आत आपोआप भरलेली नसते.

गांधीजींचं उदाहरण घ्या. १८८९ च्या सुमारास ते लंडनमध्ये विद्यार्थी होते, तिथे थिऑसॉफी मानणारे दोन इंग्रज भाऊ भेटले, ते गीतेचं इंग्लिश भाषांतर वाचत होते आणि त्यांनी यांना बोलावलं की आमच्याबरोबर मूळ संस्कृत वाचायला या. गांधींनी आत्मचरित्रात लिहिलंय की मला लाज वाटली, कारण मी गीता संस्कृतातही वाचली नव्हती आणि गुजरातीतही. त्यांनी अॅपचं नाव सांगून वेळ मारून नेली नाही एवढाच फरक, माझं संस्कृत कच्चं आहे पण मी तुमच्याबरोबर वाचेन असं ते म्हणाले आणि तिघं वाचायला बसले. आता यात पूर्वेने पश्चिमेला दिलं की पश्चिमेने पूर्वेला, तुम्हीच ठरवा.

पहिल्या पत्रवाल्या बाई, तुमचा व्हिडिओ कॉल तसाही मीटिंगनंतर चालूच राहतो. एखादं पुस्तक निवडा, तुमचं किंवा तिचं, आणि मला यातलं काही येत नाही हे आधीच सांगून टाका.